कर-प्रश्न : कोड बदलला, पगार घटला

या महिन्यातली बरीच पत्रे एकाच तक्रारीची आहेत. पगार तोच, पण हातात आलेले पैसे कमी. काही पत्रे इंग्लंडमध्ये नोकरीला असलेल्या मुलांच्या वतीने गोव्यातल्या आईवडिलांनी लिहिली आहेत, काही इथल्याच नोकरदारांची आहेत. दोन्ही देशांत मालक दरमहा कापतो तो कर म्हणजे अंदाज असतो. तो अंदाज कोणत्या माहितीवर बांधला हे शोधले की निम्मे कोडे सुटते. भारतातल्या करासाठी दिलेले आकडे, कलमे आणि फॉर्म २०२५–२६ या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचे आहेत. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने त्यापुढच्या उत्पन्नासाठी कलमांचे क्रमांक वेगळे आहेत.

माझा मुलगा सात वर्षे स्विंडनला गोदामात नोकरी करतो. मार्चमध्ये त्याला कर खात्याचे पत्र आले की त्याचा कोड १२५७एल होता, तो आता १०४१एल झाला. एप्रिलपासून महिन्याला ३६ पौंड कमी मिळतात. त्याच्याकडून काही चूक झाली का? हा दंड आहे का?
– एक वाचक, म्हापसा

दंड नाही. मागे कमी कापला गेलेला कर हप्त्याने वसूल होतो आहे. कोड वाचता आला तर हे पत्रावरूनच कळते.

ब्रिटनमध्ये वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त आहे. हा आकडा २०२१–२२पासून बदललेला नाही. शेवटचा अंक गाळला की १२५७ उरतात, आणि एल म्हणजे नेहमीची सवलत. तुमच्या मुलाच्या कोडात आता १०४१ आहे, म्हणजे त्याला १०,४१० पौंडच करमुक्त मिळणार. फरक २,१६० पौंडांचा. त्यावर २० टक्के कर ४३२ पौंड होतो, आणि त्याला बाराने भागले की ३६. तुम्ही लिहिलेला आकडा बरोबर जुळतो, म्हणजे पगार काढणाऱ्याने कोड नीट लावला आहे. आता पाहायचे ते एवढेच की मुळात हे ४३२ पौंड खरेच देणे होते का.

इथे बहुतेक लोक चुकीचे वर्ष तपासतात. ब्रिटनचे करवर्ष ६ एप्रिलला सुरू होऊन ५ एप्रिलला संपते. ते संपल्यावर, साधारण उन्हाळ्यापासून पुढे, खाते सगळ्या मालकांकडून आलेले आकडे जुळवते आणि कमी पडलेली रक्कम त्याच्या पुढच्या एप्रिलपासूनच्या कोडात घालते. त्यामुळे मार्चमध्ये आलेल्या पत्रातली बाकी आदल्या वर्षाची नसते, बहुधा त्याच्याही आधीच्या वर्षाची असते. मुलाला त्या वर्षाचा पी६० शोधायला सांगा. मालक दर मे महिन्याच्या अखेरपर्यंत हा कागद देतो आणि त्यावर वर्षभराचा पगार व कापलेला कर असतो. मधेच नोकरी बदलली असेल तर जुन्या मालकाने नोकरी सोडताना दिलेला पी४५ही हवा.

दोन्ही कागदांवरचा पगार एकत्र करा, त्यातून १२,५७० वजा करा आणि उरलेल्याचे २० टक्के काढा. पगार ५०,२७० पौंडांच्या आत असेल तर एवढेच पुरते. हा आकडा कापलेल्या करापेक्षा ४३२ पौंडांनी जास्त आला तर मागणी खरी. अशी बाकी बहुधा नोकरी बदलताना तयार होते. जुन्या आणि नव्या अशा दोन्ही मालकांनी दोन महिने एकाच वेळी सवलत दिली की महिन्याच्या सवलतीचे १,०४७.५० पौंड दोनदा जास्त सुटतात, आणि त्यावरचा कर ४१९ पौंड होतो. तुमच्या मुलाची रक्कम त्याच्या अगदी जवळची आहे, म्हणून आधी तिथेच पाहा.

हिशेब जुळला नाही तर मुलाने नॅशनल इन्शुरन्स क्रमांक वापरून कर खात्याच्या वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर आपले खाते उघडावे. तिथे कोडाची फोड ओळीओळीने दिलेली असते: मूळ सवलत किती, मालकाने दिलेल्या सोयींपोटी किती वजा, बँकेच्या व्याजापोटी किती, मागच्या बाकीपोटी किती. चुकीची ओळ तिथूनच दुरुस्त करता येते. संपलेली नोकरी अजून चालू दाखवली असेल किंवा मोडलेल्या ठेवीचे व्याज अजून धरले असेल तर या फोडीतच ते सापडते. फोनवर बोलायचे तर ०३०० २०० ३३०० हा खात्याचा क्रमांक आहे. मालकाशी भांडून उपयोग नाही, कारण खात्याने पाठवलेला कोड त्याला स्वतःहून बदलता येत नाही.

परतावा मिळवून देतो असे सांगणाऱ्या एजंटांपासून मात्र जपा. ते परताव्यातला मोठा वाटा घेतात, आणि तेच काम खात्याच्या वेबसाइटवर फुकट होते.

मुलगी नर्स आहे, सप्टेंबरमध्ये इंग्लंडला रुजू झाली. पगार महिना २,५०० पौंड. पहिल्याच महिन्यात २९० पौंड कर कापला. तिच्या मैत्रिणीला तेवढ्याच पगारावर पहिले तीन महिने काहीच कापले नव्हते. तिच्या स्लिपवर १२५७एल एम१ असे आहे.
– एक वाचक, साखळी

सगळा फरक त्या एम१मध्ये आहे. साधा १२५७एल वर्षाच्या सुरुवातीपासूनचा हिशेब धरतो. सप्टेंबर हा करवर्षाचा सहावा महिना, तोवर ६,२८५ पौंडांची सवलत साचलेली असते. मुलीचा पगार २,५०० पौंड, म्हणून कर शून्य. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्येही शून्यच, आणि डिसेंबरला पहिल्यांदा ११४.५० पौंड. मैत्रिणीचे तसेच झाले. एम१ लागला की मागचे महिने पुसले जातात आणि प्रत्येक महिन्याला फक्त १,०४७.५० पौंडांची सवलत मिळते. मग २,५०० मधून ती वजा करून उरलेल्याचे २० टक्के, म्हणजे २९०.५० पौंड. मार्चपर्यंत सात पगारांत २,०३३.५० पौंड जातील, खरा कर ९८६ आहे. जास्त गेलेले १,०४७.५० पौंड तिचे आहेत.

रुजू होताना भरायच्या स्टार्टर चेकलिस्टमध्ये ही चूक होते. त्यात तीन विधाने असतात. ‘६ एप्रिलपासून ही माझी पहिली नोकरी’ हे अ विधान, त्याला साधा १२५७एल लागतो. ‘आता हीच एक नोकरी, पण एप्रिलनंतर आधी दुसरी होती’ हे ब विधान, त्याला एम१ लागतो. ‘दुसरी नोकरी किंवा पेन्शन चालू आहे’ हे क विधान, त्याला बीआर, म्हणजे पहिल्या पौंडापासून २० टक्के. फॉर्म भरलाच नाही तर ०टी लागतो, त्यात सवलत अजिबात नसते. भारतातून गेलेली मुले इथली जुनी नोकरी आठवून ब वर खूण करतात. ही विधाने ब्रिटनमधल्या नोकऱ्यांविषयी आहेत, म्हणून तिने अ निवडायला हवे होते.

खात्याला कळवले की नवा कोड मालकाकडे जातो आणि जास्तीचा कर पुढच्या पगारातच परत येतो. ५ एप्रिलपर्यंत हे झाले नाही तरी वर्षाचा हिशेब झाल्यावर पत्र येते. मागे राहिलेला परतावा चार वर्षांपर्यंत मागता येतो. नॅशनल इन्शुरन्सची कपात वेगळी असते, तिचा कोडाशी संबंध नाही.

दोन नोकऱ्या करणाऱ्यांनीही लक्ष द्यावे. सकाळच्या कामाचे ९,००० पौंड १२५७एलवर आणि संध्याकाळच्या कामाचे १४,००० बीआरवर असतील तर २,८०० पौंड कापले जातात. खरा कर २,०८६ आहे. पहिल्या नोकरीत न वापरलेली ३,५७० पौंडांची सवलत वाया जाते. खात्याला सांगून ती दुसऱ्या नोकरीकडे वळवता येते.

माझ्या इंग्लंडमधल्या मुलाची इथल्या बँकेत एनआरओ ठेव आहे, व्याज वर्षाला ६०,००० रुपये. बँक १८,७२० रुपये कापते. शिवाय तिथेही कर भरायचा का?
– एक वाचक, मडगाव

एनआरओवर, म्हणजे अनिवासीच्या भारतातल्या कमाईच्या खात्यावर, व्याजाचे ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस, मिळून ३१.२ टक्के कापतात, म्हणून तो आकडा. पण भारतात त्याचे दुसरे उत्पन्न नसेल तर नव्या कर-पद्धतीत पहिले चार लाख रुपये अनिवासीलाही करमुक्त आहेत. त्याने आयटीआर-२ भरले की पूर्ण १८,७२० रुपये परत मिळतात. बारा लाखांपर्यंतचा कर शून्य करणारी कलम ८७एची सूट मात्र अनिवासीला नाही. म्हणून ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ हे त्याच्या बाबतीत खरे नाही.

ब्रिटनचा रहिवासी जगभरच्या उत्पन्नावर तिथे करपात्र असतो, आणि इथे करमुक्त असलेले एनआरई ठेवीचे, म्हणजे परदेशातून पाठवलेल्या पैशांच्या ठेवीचे, व्याजही त्यात येते. तरी २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला वर्षाला १,००० पौंडांपर्यंत व्याज करमुक्त आहे, त्यामुळे ६०,००० रुपयांवर त्याला तिथे काही भरावे लागणार नाही. जास्त रकमेची ठेव असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की भारत–ब्रिटन करारात व्याजावर भारताचा वाटा १५ टक्क्यांपर्यंतच आहे आणि ब्रिटन तेवढीच वजावट देते. १५ टक्क्यांहून जास्त कापलेले पैसे इथल्या रिटर्नमधूनच परत मागायला हवेत.

नव्याने गेलेल्यांना पहिली चार वर्षे परदेशी उत्पन्नावर माफी मागता येते, ही सोय ६ एप्रिल २०२५पासून आली. ती ऐकून घाई करू नका. माफी घेतली की त्या वर्षाची १२,५७० पौंडांची सवलत जाते आणि २,५१४ पौंड कर वाढतो. छोट्या ठेवीसाठी हा व्यवहार तोट्याचा आहे.

पती वेर्ण्याच्या कारखान्यात आहेत, वर्षाचा पगार १२,४०,०००. कंपनीने कर शून्य धरला. माझ्या वडिलांकडून आलेले फोंड्याचे दुकान माझ्या नावावर आहे, त्याचे भाडे महिना ४०,०००. इतकी वर्षे पूर्ण भाडे मी माझ्या रिटर्नमध्ये दाखवत आले, कर कधी आला नाही. यंदा नव्या सीएंनी अर्धे भाडे पतींच्या रिटर्नमध्ये घातले आणि त्यांना ८३ हजार कर आला. दुकान माझे, कर त्यांना का?
– एक वाचक, फोंडा

नवे सीए बरोबर आहेत. प्रश्न ऐकायला अन्यायाचा वाटतो, म्हणून नीट सांगतो.

गोव्याच्या नागरी कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, पती-पत्नीची मालमत्ता समाईक होते. माहेरून आलेलीही त्यात येते. आयकर कायद्याने हे कलम ५एमध्ये मान्य केले आहे. हे कलम १९९४च्या वित्त कायद्याने आले आणि १ एप्रिल १९६३पासून लागू धरले गेले. त्यानुसार घरभाडे, धंद्याचा नफा, भांडवली नफा, व्याज-लाभांश या सगळ्याचे दोन समान भाग होतात, मग दस्तऐवज कोणाच्याही नावावर असो. वाटणीत येत नाही तो फक्त पगार. तो ज्याने कमावला त्याचाच राहतो. निवृत्तांचे पेन्शनही कर कायद्यात पगारातच मोडते, म्हणून तेही वाटत नाहीत.

तुमचा हिशेब असा. भाडे ४,८०,०००, त्यातून ३० टक्के वजा, उरले ३,३६,०००. भरलेली घरपट्टी आधी वजा केलीत तर हा आकडा आणखी थोडा उतरेल. निम्मे, १,६८,०००, पतींकडे. त्यांचा पगार ७५,०००ची प्रमाण वजावट जाता ११,६५,०००, त्यावर ८७एची सूट मिळून कर शून्य होता. आता एकूण १३,३३,००० झाले. बारा लाख ओलांडताच सूट गेली आणि सगळे टप्पे जागे झाले: चार ते आठ लाखांवर २०,०००, आठ ते बारावर ४०,०००, वरच्या १,३३,०००वर १५ टक्क्यांनी १९,९५०. बेरीज ७९,९५०, सेस धरून ८३,१४८ रुपये. कंपनीचे चुकले नाही, कारण तुमचे भाडे तिला कोणी कळवलेच नव्हते.

जुन्या पद्धतीत कमी पडेल का, हे तपासा, पण फार आशा ठेवू नका. तिथे ७९,९५०च्या खाली यायला पतींना प्रमाण वजावट सोडून ५,२०,७५०हून जास्त वजावटी लागतील. गृहकर्जाचे व्याज, भविष्य निर्वाह निधी, आरोग्य विमा सगळे भरभक्कम असेल तरच हे जमते.

पुढच्या वर्षासाठी दोन वाटा आहेत. पतींनी आपल्या वाट्याचे भाडे कंपनीला लेखी कळवावे, म्हणजे कर दरमहा पगारातून थोडा थोडा जाईल. आम्ही हीच सुचवू. नाहीतर आगाऊ कर भरावा: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. देय कर १०,०००च्या वर असून हे केले नाही तर व्याज लागते. यंदा ते आले असेलच.

रिटर्न भरताना ज्या चुका होतात त्याही सांगतो. तुम्हाला दोघांनाही आयटीआर-१ चालत नाही, कारण वाटून घ्यायचे उत्पन्न असेल तर तो फॉर्म वापरता येत नाही. आयटीआर-२ घ्या, धंदा असेल तर आयटीआर-३. सुरुवातीला ‘पोर्तुगीज नागरी कायदा लागू आहे का’ असा प्रश्न येतो, त्याला होय म्हटले की परिशिष्ट ५ए उघडते. त्यात जोडीदाराचा पॅन, उत्पन्नाच्या प्रत्येक प्रकाराची एकूण रक्कम आणि जोडीदाराला दिलेला भाग भरा. तिथेच कापलेला कर वाटायचा रकानाही आहे. लोक उत्पन्न वाटतात आणि टीडीएस पूर्ण स्वतःकडे ठेवतात, मग परतावा अडकतो. ज्याच्या पॅनवर कर कापला नाही त्याने टीडीएसच्या तक्त्यात ‘जोडीदार, कलम ५ए’ हा पर्याय निवडून आपला निम्मा भाग मागायचा असतो. एआयएसमध्ये, म्हणजे खात्याकडच्या वार्षिक माहितीपत्रकात, पूर्ण व्याज किंवा भाडे एकाच्याच नावावर दिसेल, त्याने घाबरू नका. दोघांची परिशिष्टे रुपयाला रुपया जुळली की उत्तर तयार असते. म्हणून दोन्ही रिटर्न एकाच बैठकीत भरलेली बरी.

मागच्या वर्षांत पतींचा कर कमी भरला गेला असेल तर अद्ययावत विवरणपत्र, आयटीआर-यू, चार वर्षांपर्यंत भरता येते. जादा कर पहिल्या वर्षात २५ टक्के, मग ५०, ६०, ७० असा चढतो, तेव्हा ते काम लांबणीवर टाकू नका.

शेजारच्या सावंतवाडीहून येऊन गोव्यात राहिलेल्यांना, नुसते इथे घर आहे म्हणून, हे कलम लागत नाही. लग्नाआधी मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार नोंदवलेल्या गोंयकारांनाही नाही. शंका असेल तर रिटर्नच्या आधी विवाह नोंदणीचा दाखला आणि करार घेऊन नोटरीकडे जा.

ऑक्टोबरमध्ये नोकरी बदलली. पहिल्या कंपनीकडून सहा लाख, दुसरीकडून साडेसात लाख मिळाले. दोघांनीही कर कापला नाही, आणि आता ७४,१०० भरायला सांगतात.
– एक वाचक, डिचोली

दोन्ही कंपन्यांनी आपापला पगार १२,७५,०००च्या आत पाहिला आणि आपापल्या परीने बरोबर केले. एकत्र साडेतेरा लाख होतात, ७५,००० एकदाच वजा होऊन १२,७५,००० उरतात, त्यावर ७१,२५० आणि सेस २,८५०. पुढे कधी नोकरी बदलली तर रुजू होतानाच आधीच्या पगाराचा तपशील नव्या कंपनीला लेखी द्या. ३१ मार्चनंतर कंपनीच्या हाती काही राहत नाही. बाकी कर आयकर पोर्टलवरच्या ई-पे टॅक्समधून ‘स्व-आकारणी’ या प्रकारात भरा आणि चलनाचे तपशील, म्हणजे बँक शाखेचा बीएसआर कोड, तारीख आणि क्रमांक, रिटर्नमध्ये टाका. वर्ष निवडताना नीट पाहा, २०२५–२६च्या उत्पन्नासाठी करनिर्धारण वर्ष २०२६–२७ आहे. चुकीचे वर्ष निवडले तर पैसे भरूनही मागणीची नोटीस येते.